पलंगाखालची बेगमी

॥ श्री ॥

शिकागो, ६ जून १९८२

चि. सौ. प्रतिमास,
अ. उ. आ.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मायन्यात तू आधी काहीतरी लिहून शाईने गिरवून टाकलं होतंस, म्हणून मी कागद खिडकीशी धरून पाहिला. खालून ‘सौ.’ निघालं. एवढं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा दादा जाऊन चौदा महिने झाले तरी माझ्याही हातून अशा चुका होतात. यापुढे नुसतं ‘ती. वहिनी’ लिहीत जा, खाडाखोड वाचेल.

आता मुद्द्याचं. तुमच्या पार्सिपनीच्या बेसमेंटमध्ये माझ्यासाठी खोली तयार आहे, डिसेंबरअखेर माझी लीज संपली की सामानासकट ये, असं तू लिहितेस. विनयरावांनी भिंतींना पिस्ता रंग लावला हेही लिहितेस. रंग चांगला आहे. पण मी येणार नाही. इथे माझी लायब्ररी चालत सात मिनिटांवर आहे. डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांना फॉल लावायचं माझं काम आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीला दुपारी दोनपर्यंत ऊन असतं. हे सगळं सोडून मी जमिनीखाली कशाला राहू?

तू विचारतेस की भाडं भरून मी खाणार काय. हे मला झोंबलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि कुरडयांच्या चिकाचं पातेलं आत डोकं घालून चाटत होतीस. ती वर्षाची बेगमी कोण करत होतं? म्हणून पैज लावते. दिवाळीपर्यंत, कोणाकडून एक पैसाही न घेता, घरात वर्षभराचं खाणं भरून दाखवीन. तू येऊन तपास. एक जिन्नस जरी कमी पडला तरी मी मुकाट्याने पिस्ता खोलीत येईन. भरलं असेल तर मी इथेच राहणार, आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही.

वरच्या मजल्यावरच्या मिसेस रोझेन रविवारच्या पेपरातली किराण्यावरच्या सवलतीची कूपनं मला देतात. कात्रीला धार लावून घेतली आहे.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी,
सुमित्रा वहिनी


पार्सिपनी, १६ जून १९८२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पैज मान्य. विनय म्हणतो अंपायर तो. आज बुधवार, सकाळपासून तो टाइपरायटरवर यादी बडवतोय. सोबत पाठवते. धान्यं, डाळी, पापड, कुरडया, सांडगे, लोणचं, मेतकूट, भाजणी. सत्तावीस जिन्नस आहेत. ‘मेतकूट’ त्याने सुचवलं, कारण त्याला ते हवं आहे. अंपायर आधीच विकला गेलाय असं समज.

वरणाला तूरच लागेल. स्वस्तातले पिवळे स्प्लिट पीज दाखवून तूर म्हणायचं नाही, मी चव ओळखते.

वहिनी, थट्टा केली तरी मला काळजी वाटते. तू मीठ-भात खाऊन डबे भरशील. तसं केलंस तर मी पैज रद्द करीन आणि तुला उचलून आणीन.

तुझं वजन कळवत राहा.

तुझी,
प्रतिमा


शिकागो, ११ जुलै १९८२

चि. सौ. प्रतिमास,
अ. उ. आ.

वजन सांगणार नाही. कमी झालेलं नाही एवढं पुरे.

पापड झाले, कुरडया झाल्या. सांडग्यांना कोहळा कुठून आणणार? पण मिसेस रोझेनच्या भावाच्या बागेत झुकिनीचा पूर आला आहे. लोक ती एकमेकांच्या दारात ठेवून पळून जातात. मी किसून सांडगे घातले. वाळवायला जागा नव्हती. मागच्या पार्किंग लॉटमध्ये गुरुदत्तची गाडी आहे. हा खालच्या मजल्यावरचा इंजिनिअर. त्याची ती तपकिरी, पलंगाएवढी गाडी हिवाळ्यापासून चालू झालेली नाही. मी विचारलं, तुझ्या गाडीचा काही उपयोग करू का? तो म्हणाला, काकू, तुम्हाला झाला तर मलाही सांगा. मग बॉनेटवर, टपावर, डिकीवर धुवट पंचे पसरून सांडगे घातले. पत्रा असा तापतो की दोन दिवसांत खडखडीत.

गुरुवारी मी खिडकीशी बसून फॉल लावत होते. सहज खाली पाहिलं तर माझे सांडगे डावीकडे निघालेले. मला वाटलं चक्कर येते आहे. मग दिसलं की टो करणारा ट्रक गाडीचं नाक उचलून चालला आहे. घरमालकांनीच बोलावला होता म्हणे, बंद गाडी हलवायला. मी साडीचा ओचा धरून तीन जिने उतरले. हातात सुई तशीच. गल्लीच्या तोंडाशी गाठलं. ड्रायव्हरला वाटलं गाडी माझी आहे म्हणून रडते आहे. मी रडत नव्हते, धापा टाकत होते. म्हटलं, गाडी खुशाल न्या, वरचं जेवण माझं आहे.

त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, पंचा उचलून पाहिलं आणि टोपी काढली. मग मी सांडगे गोळा करेपर्यंत त्याच टोपीने माश्या वारत उभा राहिला. एक कच्चाच तोंडात टाकला आणि म्हणाला, मॅम, याला मीठ कमी आहे. तेवढ्यात गुरुदत्त धावत आला आणि ओरडायला लागला की गाडी माझी आहे, मला कोणी विचारतंय का? कोणीच विचारत नव्हतं.

अकरा सांडगे रस्त्यात पडले. मीठ खरंच कमी होतं.

हसून झालं की उत्तर लिही.

तुझी,
सुमित्रा वहिनी


पार्सिपनी, २१ जुलै १९८२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल, मंगळवारी दुपारी आलं. विनय अंगणात गवत कापत होता. मी पायरीवर बसून एकटीच इतकी हसले की तो मशीन बंद करून आला आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. डावीकडे निघालेले सांडगे ऐकून तो गवतातच बसला. खूप दिवसांनी त्याला असं हसताना पाहिलं.

आता तो पोळ्या लाटायला शिकलाय. त्या गोल येतात, इंजिनिअर आहे ना.

सहज विचारते. कूपनावरची सवलत डबल करून देतात ती दुकानं इकडेही असतील का? आणि स्प्लिट पीजचं वरण चिंच-गूळ घालून चालतं का गं? चवीसाठी नाही, नुसती माहिती म्हणून.

आता रविवारचा फोन बंद करून पत्रंच लिहूया. पत्रात मजा जास्त येते.

मला विसरू नकोस.

तुझी,
प्रतिमा


शिकागो, १९ सप्टेंबर १९८२

चि. सौ. प्रतिमास,
अ. उ. आ.

तूर आली. शंभर पौंडांचं पोतं. डेव्हनच्या वाण्याकडे सुटी घेतली तर महाग, अख्खं पोतं घेतलं तर स्वस्त. गुरुदत्तने तीन जिने चढवून दिलं आणि वर येऊन जमिनीवर आडवा झाला.

आता डाळ टिकायची तर एरंडेल चोळायला हवं. मी औषधांच्या दुकानात गेले. एवढ्याएवढ्या बाटल्या. होत्या तेवढ्या अकराच्या अकरा काउंटरवर मांडल्या. दुकानातले म्हातारे गृहस्थ चष्मा काढून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं की घरी किती माणसं आहेत आणि हे किती दिवसांपासून चाललं आहे. मी म्हटलं, माणसांना नको, डाळीला हवंय. शंभर पौंड आहे. ते म्हणाले, डाळीला काय होतंय? मी सांगितलं, आज काही नाही, पण पुढे कीड लागेल. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मागे रांग थांबली होती. सगळी रांग ऐकत होती. शेवटी एका बाईने विचारलं की हे तांदळाला चालतं का.

तीन दिवस चोळत होते. हात इतके मऊ झालेत की सुई सुटते. डबे म्हणशील तर मिसेस रोझेनकडचे कॉफीचे आणि सँडविचच्या दुकानातल्या लोणच्याच्या मोठ्या बरण्या. कपाटं भरली, बाथरूमची फळी भरली, उरलेलं पलंगाखाली. मी सध्या अक्षरशः तुरीवर झोपते.

परवा विनयरावांची यादी घेऊन एकेका जिन्नसावर खूण करत गेले. सत्तावीसच्या सत्तावीस झाले. मग पाहिलं तर यादीत नसलेलं एक पिंप उरलं. आत जाडे पोहे, बारा पौंड. प्रतिमा, मी पोहे खात नाही. तुला माहीत आहे. मग मी पुन्हा पहिल्यापासून पाहत गेले. डाळ दुप्पट, तांदूळ दुप्पट, लसणाची चटणी केलेली, तीही मी खात नाही. उन्हाळाभर मी कुरकुरत होते की पैसे पुरत नाहीत, रात्रंदिवस फॉल लावत होते, आणि हातांनी सवयीने दोघांचं भरलं.

आधी जमिनीवर बसून हसले. मग जरा वेळ दुसरं. मग उठले आणि पोह्यांच्या पिंपाचं झाकण घट्ट लावलं, कारण उघडं ठेवून चालत नाही.

पैज जिंकलेलीच आहे. दिवाळीला या आणि बघा.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुमित्रा वहिनी


पार्सिपनी, १९ ऑक्टोबर १९८२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला, माफ कर. तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपते.

दिवाळीचं येणं आम्हाला कॅन्सल करावं लागतंय. गाडीचे टायर गेलेत आणि विनयला कामातून वेळ नाही. पण तपासायचं काय आहे? तू जिंकलीस. तुझा शब्द मला पुरे.

तिकडे थंडी पडली असेल. जप.

तुझी,
प्रतिमा


शिकागो, २४ ऑक्टोबर १९८२

चि. सौ. प्रतिमास,
अ. उ. आ.

मी शाळेत चौथीपर्यंतच गेले. पुढचं वाचणं माझं मी शिकले, त्यामुळे एकेक ओळ दोनदा वाचायची खोड आहे. काल पैजेनंतरची तुझी तिन्ही पत्रं समोर मांडली. बुधवारी सकाळी विनयराव टाइप करतात. मंगळवारी दुपारी गवत कापतात. पोळ्या लाटतात. तुला स्प्लिट पीज चालतात. रविवारचा फोन नको. आणि आता त्यांना कामातून वेळ नाही.

नोकरी कधी गेली?

माझ्याशी हरायला निघालीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू लहानपणी सागरगोट्यांतसुद्धा हार मानली नाहीस.

आता ऐक. तुम्हाला माझी गरज असेल तर सरळ सांग. जानेवारीत मी येते. माझ्या पगाराचा आणि हातांचा हातभार लागेल. पैजेचं मनात आणू नकोस, मी ती मोडली असं समज. हे लिहिताना खिडकीकडे पाहिलं नाही.

खरं लिही. खोट्याला पोस्टाचं तिकीट वाया घालवू नकोस.

तुझी,
सुमित्रा वहिनी


पार्सिपनी, ३० ऑक्टोबर १९८२

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी. बारा जणांना एकदम ले ऑफ केलं. बेसमेंट रंगवलं ते विनयच्या हातांना काम हवं म्हणून. खरं तर त्याने तीनदा रंगवलं. पिस्ता हा तिसरा.

तुला आधार द्यायला बोलावते असं मी स्वतःलाही सांगत होते. पण मला भीती वाटत होती वहिनी, आणि भीती वाटली की मला तू लागतेस. बारा वर्षांची असल्यापासून हेच चाललंय. हे कसं लिहायचं कळेना, म्हणून तुझ्या पगाराला नावं ठेवली.

पण तू आता कीव येऊन खिडकी सोडलीस तर मी जन्मभर तोंड दाखवणार नाही. अंपायरही बिथरलाय. म्हणतो, पैज मोडायचा अधिकार खेळाडूंना नाही. आम्ही येतोय, तपासणी होणार. टायर चांगले आहेत.

ओरडायचं ते भेटीत ओरड.

तुझी,
प्रतिमा


शिकागो, २१ नोव्हेंबर १९८२

चि. सौ. प्रतिमास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यापासून घर फार शांत आहे, फक्त मिसेस रोझेन अधूनमधून जिन्यात एकट्याच हसतात. विनयराव यादी घेऊन पलंगाखाली शिरले आणि बरण्यांमध्ये अडकले, तेव्हा त्यांचे पाय धरून ओढायला या बाईंनाच बोलावलं होतं ना. आत अडकल्या-अडकल्याच ते मोठ्याने ‘मेतकूट, आहे!’ म्हणाले हे त्या सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटल्या आहेत. मेतकूट म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही.

तुमची गाडी मागून इतकी खाली बसली होती की वळणापर्यंत मी श्वास रोखून उभी होते. तू दारातून सारखी म्हणत होतीस की एवढं कसं नेऊ. अगं, तुझ्या दादाच्या वाटचं होतं. बहिणीने नाही न्यायचं तर कोणी? रोज वरण शिजवत जा, आणि तुरीचंच. विनयरावांच्या मुलाखतीचं काय झालं ते कळलं की लगेच लिही. नाही झालं काही तरी लिही. हातांना काम हवं असेल तर त्यांनी मला मार्चमध्ये पापड लाटून द्यावेत, त्यांचे गोल येतात.

कपाटं आता निम्मी रिकामी दिसतात. मोजून पाहिलं. एका माणसाला दिवाळी ते दिवाळी बरोबर पुरेल.

काल घरमालक लीजचा कागद घेऊन आले. आधी म्हणाले, यंदा गाड्यांवर स्वयंपाक नको. मी कबूल केलं. मग सही करायला बसले. घरात राहणारी माणसं किती, असा एक रकाना आहे. मागच्या वर्षी तो भरायला मला अर्धा तास लागला होता आणि ते बिचारे दाराकडे बघत बसले होते. काल मी ‘एक’ लिहिलं, सही केली, आणि त्यांना विचारलं, चहा घेणार का.

दोन कप प्यायले. साखर जरा जास्त लागते त्यांना.

विनयरावांना नमस्कार, आणि तू हक्काने भांडत राहा.

तुझी,
सुमित्रा वहिनी