टेप या मृत्युपत्रात नाही

मी, द्वारकाबाई म्हस्कू गलांडे, वय ७८, शिक्षण चौथी, राहणार इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्यानं बाजारच्या दिवशी माझ्याबरोबर भाजी घ्यायला यावं. मला कोणी दम दिलेला नाही, फूस लावलेली नाही, नशापाणी केलेलं नाही. हे शेवटचं वकीलसाहेबांनी लिहायला लावलं. मागच्या पावसाळ्यात मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. का रद्द केलं ते कलम पाचमध्ये येईल. मधे उड्या मारून वाचू नये.

कलम १. राहतं घर आणि मागचं पत्र्याचं गोडाऊन हे माझे मालक कै. म्हस्कू यांनी लग्नांना, सभांना लाउडस्पीकर भाड्यानं देऊन उभं केलं. ते मुलगा युवराज आणि मुलगी राजेश्वरी यांना निम्मं निम्मं. युवराज पुण्यात असतो. तो म्हणेल, बहिणीला बावड्यात सासरचं एवढं मोठं घर हाय, तिला कशाला? त्याला विचारावं, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात कोण बसलं होतं? घर विकायचं असेल तर खुशाल विकावं. मी बघायला येणार नाही.

कलम २. पाटल्या राजेश्वरीला. बोरमाळ सूनबाईला. जुन्या घडणीचं मला आवडत नाही असं ती माझ्या तोंडावर म्हणाली होती. खरं बोलली म्हणून देते. मोडून तिला पाहिजे ते करावं. बँकेत जे असेल त्यातून आधी माझी लाकडं आणावी, उरेल ते दोन्ही पोरांनी वाटून घ्यावं.

कलम ३. लोखंडी शिडी धाकटे दीर राम यांना. ती त्यांनी मालक असतानाच नेली आणि परत आणली नाही. आता मी दिली असं समजावं, म्हणजे मी रस्त्यात दिसले की त्यांना दुसऱ्या गल्लीनं जावं लागणार नाही. गोडाऊनमधले भोंगे भंगारात घालावे. माझ्या मयताला भोंगा लावू नये. आयुष्यभर ऐकला.

कलम ४. मधल्या खोलीतलं यंत्र. याला क्वाड्राफोनिक म्हणतात. चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि मधोमध एक खुर्ची. रेकॉर्ड लावली की एका कोपऱ्यात सनई, दुसऱ्यात ढोलकी, पाठीमागं झांजा, आणि ऐकणारा मधे. मुंबईतली एक छोटी रेकॉर्ड कंपनी बुडाली तेव्हा मालकांनी तिथून हे यंत्र, 'चौफेर' नावाची रेकॉर्ड आणि त्या रेकॉर्डची मूळ टेप उचलून आणली. मी म्हणाले, "चार भोंग्यांनी गावाचे कान किटवले ते कमी पडलं का?" ते म्हणाले, "द्वारके, ह्ये गावासाठी न्हाय. ह्ये एकट्या माणसासाठी हाय." तसंच झालं. ते गेले आणि मी एकटी राहिले.

ते गेल्यावर या रेकॉर्डच्या नादाची माणसं यायला लागली. 'चौफेर'च्या थोड्याच प्रती निघाल्या होत्या आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांच्या पार घासल्यात. अशा माणसांचा फोनवर एक ग्रुप आहे. ही रेकॉर्ड पुन्हा कोणीतरी काढावी म्हणून ते देव पाण्यात घालून बसलेत. या दिवाळीला निघणार, पुढच्या गुढीपाडव्याला निघणार, असं चाललेलं असतं. तोवर महिन्यातून एका रविवारी माझ्याकडं येतात. पुण्याचा दीपक, बँकेत आहे. बारामतीचा परवेज, टायरचं दुकान आहे. आणि लोणी भापकरचे संभाजीराव, मालकांचे दोस्त, साखर कारखान्यात वायरमन होते. आणखी एकदोघं येऊन-जाऊन.

आता यातली गोष्ट अशी की खुर्ची एकच. तिच्या बाहेर बसलं तर निम्मं ऐकू येत नाही म्हणे. म्हणून एक जण आत बसतो आणि बाकीचे नंबर लावून माझ्या स्वयंपाकघरात. बसून करणार काय? मी समोर मेथी टाकते. दीपकला मेथी निवडता येत नाही, देठं ठेवतो. परवेज बायकोचं सांगतो, पोरांचं सांगतो. संभाजीराव लसूण सोलतात आणि आपला नंबर शेवटी ढकलतात. "भावजी, उठा की, तुमचा नंबर," म्हटलं की म्हणतात, "जाऊद्या वैनी, पोरांना लांब जायचं हाय." आतल्या माणसाला वाटतं, आपण ऐकायला आलो. माझा महिना मात्र त्या रविवारचा असतो. बाकीचे दिवस मी टीव्हीशी भांडते.

हे यंत्र, खुर्ची आणि रेकॉर्ड नात प्रतिक्षा, राजेश्वरीची मुलगी, हिला. ती एकदा त्या खुर्चीत बसली आणि झोपून गेली. बाकीचे तिथं डोळे मिटून नुसतं सोंग करतात.

कलम ५. टेप. मागच्या वर्षी मुंबईची एक नवी कंपनी पुढं आली. ती म्हणाली, मूळ टेप मिळाली तर 'चौफेर' पुन्हा काढतो, चारी कोपऱ्यांसकट. टेप माझ्या ट्रंकेत, साडीत गुंडाळलेली. दीपक धावत आला.

"मावशी, द्या टेप. महिन्यात परत आणून देतो."

"न्हाय."

"अहो, सगळ्यांच्या घरोघरी होईल रेकॉर्ड! तुमचाही त्रास वाचेल. आमचा चहा, आमची पायताणं, काही नको."

त्याला कोणी सांगितलं त्रास होतो म्हणून? पण मी एवढंच म्हणाले, "टेप मी मेल्यावर." आणि मृत्युपत्रात तसं लिहिलं. तेच हे रद्द केलेलं.

मग एक मजा झाली. ग्रुपची सगळी माणसं माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागली. ज्यानं कधी पाणी पुढं केलं नाही तो विचारतो, "मावशी, बीपीची गोळी चालूच हाय ना?" परवेज एकटा तोंडावर बोलला, "चाची, तुमी शंभर वर्ष जगा, पण मग आमी टेप ऐकायची कवा?" मी म्हणाले, "तुझ्या नातवाला सांगून ठेव." हसला. मीही हसले. ते चाललं असतं.

पण दिवाळीनंतर संभाजीराव न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याऐंशी. आता ते खाटेवर. त्यांचा रविवार बंद. मी एसटीनं लोणी भापकरला गेले. वाळून गेलेत. मी म्हणाले, "भावजी, परवेजच्या टेम्पोत यंत्र घालून पाठवते. खाटेच्या चारी कोपऱ्यांना स्पीकर लावू."

"काय बी करू नका, वैनी. चार खोकी तिथनं हालली की रविवारी तुमच्याकडं कोण यील? समदे हितं येत्याल."

"येऊ द्या की."

"आणि तुमी?"

मी त्यांच्या सुनेनं दिलेला चहा ढवळत बसले.

मग तेच म्हणाले, "टेपचं बी तसंच. दिऊ नका. घरोघर झाली की कोण फिरकतंय? मी बी कशाला शेवटचा नंबर धरत हुतो?"

मी विचारलं, "कशाला?"

"तुमचा लसूण सोलून व्हावा म्हनून," म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

या माणसाला ती रेकॉर्ड सगळ्यांत जास्त पाहिजे. मी मेल्यावर टेप दिली तर त्यांना काय उपयोग? मी गोळी वेळेवर घेते. आणि तोच मला म्हणतो, दिऊ नका. एसटीत बारामतीपर्यंत मला त्यांचा राग आला होता. पुढं इंदापूरपर्यंत स्वतःचा.

म्हणून टेप या मृत्युपत्रात नाही. ती माझ्या मरणावर ठेवलेली नाही. ती मी आजच दीपकच्या हातात दिली, साडीसकट. परत आणली नाही तरी चालेल. अट एकच. कंपनीची पहिली रेकॉर्ड लोणी भापकरला जाईल. मला नको. माझ्याकडं आहे. स्पीकर परवेज लावून देईल, त्याचे त्यानं चार जुने काढून ठेवलेत. संभाजीरावांना सांगायचं की वैनीला कंटाळा आला होता तुम्हा लोकांचा.

कलम ६. साक्षीदार. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार असेल त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नाही. हे ऐकून परवेजनं लगेच पेन घेतलं. म्हणाला, "मला टायर ठेवायला जागा न्हाय, यंत्र कुठं ठेवू?" दीपक मात्र खिशात हात घालून उभा राहिला. मी म्हणाले, "कर सही. यंत्र नातीला दिलंय." तोंड एवढंसं झालं त्याचं, पण केली. मी सही केली ती दोघांनी पाहिली आणि मग माझ्यासमोर आपापली केली.

सही करताना दीपक म्हणाला, "टेप दिली म्हणून काय झालं मावशी, आम्ही येत राहणारच." हे वाक्य माझ्या मिळकतीत धरू नये.

लिहून ठेवणार:
द्वारकाबाई म्हस्कू गलांडे
(सही मराठीत, अंगठा नाही)

साक्षीदार:
१. परवेज बशीर बागवान, बारामती (सही)
२. दीपक वसंत टिळेकर, पुणे (सही)

ठिकाण: इंदापूर
तारीख: १६ फेब्रुवारी २०२५, रविवार