श्रीपतीचा अहवाल आणि लोणच्याची बरणी

अल थुमामा, दोहा

ती. रत्नप्रभाअक्का,

तुझ्या पायांवर धाकट्या आबासाहेबाचं डोकं. गुडघा कसा आहे? परवा फोनवर ‘बरा आहे’ म्हणालीस, पण त्याआधी खुर्ची सरकल्याचा आणि तू कण्हल्याचा आवाज मला आला. तेव्हा तेल लाव. इथं उन्हानं माणसं वाळतात आणि माझं एसी दुरुस्तीचं दुकान फळतं, त्यामुळे देवाला नावं ठेवायची सोय नाही.

पत्र लिहितोय ते फुलावहिनीसाठी. आपला मामेभाऊ श्रीपती, इथल्या हमद बंदरावर ट्रेलर चालवणारा, खोलीवर झोपेत गेला त्याला तीन महिने झाले. गावी पोचलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडल्याने’ एवढंच. (हृदय चालू असताना कोण गेलाय?) मग भावकीनं शोध लावला, की बीपी असलेल्या नवऱ्याला वहिनीनं मी सुट्टीवरून परतताना माझ्याबरोबर मिठात बुडवलेलं लोणचं पाठवलं, त्यानंच घात केला. तेव्हापासून ती बाई आळणी जेवते, असं तू कळवलंस आणि खरं काय ते काढ म्हणालीस.

आता, शवचिकित्सा झालीय म्हणजे सविस्तर अहवाल असणार; पण तो बघायला कोणाला मिळतो, हे मला ठाऊक नव्हतं. अर्जात मी ऐटीत नातं लिहिलं, भाऊ. सरकारी कचेरीत खिडकीमागच्या खतिजाबाईंनी आमच्या दोघांच्या पासपोर्टांवरची बापांची नावं बघितली, मग आयांची, मग माझ्याकडे बघितलं. मामेभाऊ म्हणजे भाऊच, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इथं अहवाल मिळतो तो बायको, मुलं, आईबाप यांनाच, नाहीतर त्यांचं मुखत्यारपत्र आणणाऱ्याला. शेजारच्या खिडकीवर एक नेपाळी आपल्या खोलीतल्या सोबत्याचं विचारत होता (मी ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं), त्यालाही हेच उत्तर. मला आधी राग आला, मग पटलं. उद्या माझ्या पोटात काय निघालं ते भावकीनं चहासोबत वाचलेलं मलाही चालणार नाही.

वहिनीचं मुखत्यारपत्र शिक्क्यांवर शिक्के घेत आलं. टायपिंग सेंटरच्या खलीलनं (केरळचा, कुठलाही अर्ज त्याला पाठ) ते अरबीत उतरवलं. तरी खतिजाबाई म्हणाल्या, बाईंशी एकदा बोलू दे. लावला व्हिडिओ कॉल. मोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, नवऱ्याचं नाव सांगा. वहिनीनं पदर नीट केला आणि म्हणाली, भावजींना विचारा की, त्यांना ठाऊक आहे. खतिजाबाईंचा चेहरा बदलला. नवऱ्याचं नाव न सांगणारी बायको कसली? मी हातापाया पडून समजावलं, की आमच्यात नाव घेत नाहीत, घेतलं तर उखाण्यात. त्या म्हणाल्या, मग तसं घ्या. अक्का, विधवेला कोणी उखाणा घे म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. वहिनी खाली बघत म्हणाली:

समुद्रापल्याड सरकारच्या दारी,
श्रीपतरावांचं नाव घेते, कागद येऊ द्या घरी.

तो नेपाळी याही दिवशी रांगेत होता, तोही ऐकत थांबला. खतिजाबाईंनी श्रीपतीच्या पासपोर्टवरच्या नावावर बोट ठेवलं आणि शिक्का मारला.

अहवाल खलीलनं वाचून दाखवला. हृदयाच्या तीन नळ्या, वर्षानुवर्षं तुंबत आलेल्या. मी दोनदा विचारलं, मिठाचं काही? लोणच्याचं? तो म्हणाला, “चाचा, ये रिपोर्ट है, मेन्यू नहीं. खलास.” तेव्हा वहिनीला वाचून दाखव: वर्षानुवर्षं. बरणीभर नव्हे.

तुझा,
आबासाहेब

ता. क. : कागद वाचून झाला की तिच्या ताटात मीठ तू स्वतः वाढ. ती उठली तर गुडघा धरून तूही उठ, ती बसेल.

आणखी ता. क. : हे मात्र मोठ्यानं वाचू नकोस. कागदात लोणचं निघणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते माझ्या फ्रिजमधून हललंच नाही. शुक्रवारी पोचवू म्हणता म्हणता एक फोड चाखली, मग बरणीचा तळ दिसला. श्रीपतीनं विचारलं तेव्हा मी ‘कस्टमनं काढून घेतलं’ म्हणालो. आणि त्या भल्या माणसानं तिला वाईट वाटू नये म्हणून ‘मिळालं, झकास झालंय’ असं कळवलं. एका वाक्यात सुटणारी गोष्ट सरकारच्या तोंडून यावी म्हणून मी दोन महिने खिडक्या हिंडलो. ते वाक्य माझ्याच्यानं होत नाही. तू सांग, पण ती जेवल्यावर.

बरणी घासून गावी निघालेल्या कुणालबरोबर पाठवतोय. रिकामं भांडं परत करू नये म्हणतात, म्हणून आत खजूर भरलाय.