मधल्या बाकावरचं पाणी

शहापूर, बेळगाव
बुधवार

प्रिय रविअण्णा,

फोनवर तू दोन वाक्यांत आवरतोस, म्हणून लिहितोय. सावकाश वाच. गाडी चालवताना वाचू नकोस.

तुझी भाड्यानं द्यायची कॅरव्हॅन तुझ्या ड्रायव्हरनं, भरमानं, सोमवारी मच्छेला आमच्या शेडवर आणून लावली. ‘एशी गार करत न्हाय, आन् मधल्या बाकावर पाणी गळतंय,’ म्हणाला. त्या छतातलं हवेचं काम मीच केलेलं, म्हणून शेठनी मलाच वर चढवलं. नवी गाडी न्यायला आलास तेव्हा मी तुला सांगत होतो, की गार हवा सोडणाऱ्या सहा व्हेंटपैकी फार तर दोन बंद ठेव, जास्त बंद केलेस तर हवा अडते आणि आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो. तू गोव्याच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होतास. मान हलवलीस. मला वाटलं, ऐकलंस.

पुढचे दोन आणि दारावरचा एक, असे तीन बंद होते. सगळा गारवा तुमच्या मागच्या झोपायच्या खोलीत यावा म्हणून तूच केलेस, असं भरमा म्हणाला. शिवाय झोपताना तुम्ही त्या खोलीचं दार लावून घ्यायचात. आत गेलेली हवा परत यायची कुठून? तिला ओढून घेणारी जाळी मधल्या बाकाच्या वर आहे, दाराच्या अलीकडं. बर्फ धरला, वितळला, आणि पाणी त्याच जाळीतून खाली आलं. मे महिन्यात तुमच्याबरोबर फिरायला आली तेव्हा त्या बाकावर आई झोपत होती.

बाकावरच्या व्हेंटमध्ये मला जुन्या लुगड्याची पट्टी सापडली. चारी कडा आत दुमडून, इतकी नीट बसवलेली की ओढून काढायला जिवावर आलं. आईचं काम, हे बघताक्षणी कळलं. तुलाही कळलं असतं. ती मागावर लुगडी विणायची त्या खोलीची खिडकी ऐन उन्हाळ्यातसुद्धा उघडू द्यायची नाही. वाऱ्यानं ताण्याचं सूत वाळतं आणि तुटतं. आपण घामानं निथळायचो, तू भांडायचास, ती म्हणायची, ‘लुगडं मागावरनं उतरू दे रं, मग बस वाऱ्यात.’ जिनं जन्मभर वारा अडवला, तिच्या डोक्यावर तुम्ही वारा सोडलात आणि तो वळवायची कळ कुठं असते हे कुणी दाखवलं नाही. वहिनीला विचारायला तिला संकोच वाटला असणार.

म्हणजे थोडी हवा तिनंही अडवली, हे मी लपवत नाही. पण सकाळी गादी ओली दिसल्यावर वर कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी आईकडं बघितलं. वहिनीनं तिच्याखाली प्लास्टिक घातलं. दुसऱ्या दिवशी निपाणीच्या हायवेवर एका हॉटेलात तिला उतरवून तू मला फोन केलास, ‘आईला घेऊन जा, मला पुढं बुकिंग हाय.’ मी पोचलो तेव्हा ती पिशवी धरून उभी होती. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हटलं तर नको म्हणाली. का, ते मला त्या दिवशी समजलं नाही.

ते समजलं बोरगावला, बायाक्काच्या नातवाच्या बारशात. पंगतीत सगळ्यांसमोर तू म्हणालास, ‘आईला आता कळत न्हाय, अंथरुणातच हुतंय.’ दिवाळीनंतर आश्रमात ठेवू, तिथं बघायला बायका असतात, हेही तिथंच ठरवून टाकलंस. जेवणं झाल्यावर बायाक्कानं आईला खुर्ची दिली आणि त्यावर आधी पोतं घातलं. आईची सख्खी बहीण. आई त्या पोत्यावर बसली. मी पुढच्या पंगतीला पाणी वाढत होतो.

तेव्हापासून दुपारनंतर ती पाणी पीत नाही. लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरकडं नेलं, ते म्हणाले पाणी कमी पडतंय. झोपताना स्वतःच्या हातानं प्लास्टिक अंथरते. उठली की आधी हातानं गादी चाचपते. आमच्या घरी गादी एकदाही ओली नव्हती, अण्णा. तरी रोज चाचपते.

सोमवारी घरी येऊन मी तिला ती पट्टी दाखवली. बर्फ, जाळी, पाणी, सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू माझं मन राखाय बोलतोस. रवी खोटं कशाला बोलंल?’ तिनं लुगडी पिशवीत भरून ठेवली आहेत. दिवाळीची वाट कशाला बघायची, रवीला म्हणावं आत्ताच आश्रमात सोड, असा निरोप तुला द्यायला सांगितलंय. तो मी दिला. आता माझं ऐक. तिला माझं खरं वाटत नाही, तुझं वाटतं. तू थोरला. गाडी दुरुस्त झाली आहे. शेठना विचारून चावी मी घरी आणली आणि आईजवळ दिली आहे. गाडी न्यायला भरमाला पाठवू नकोस. तू ये, आणि येताना बोरगावहून बायाक्काला सोबत घेऊन ये. तिच्यासमोर बोललास, तिच्यासमोरच सांग की ते पाणी यंत्राचं होतं. मग आई देईल तुला चावी.

तुझाच, अजून तरी,
किशन