दादाच्या रक्ताचा नमुना

उदगीर, ६ एप्रिल
गेल्या ऑगस्टात जिल्हा नवा झाला, लातूरकर पेढे खाऊन मोकळे. घोर अन्याय माझ्या एकट्यावर. माझ्या साप्ताहिकाचे नाव-पत्त्याचे कोरे कागद तेव्हा नुकतेच छापून आणलेले, सगळ्यांवर जुना जिल्हा. सरकारने निदान मला विचारायचं होतं. आता एकेका कागदावर हाताने काट मारतोय. काट सरळ येत नाही. पट्टी धरून मारली. तरी नाही.

९ एप्रिल
दादा पूजेला बसला. भस्म कपाळाऐवजी भुवईवर. वडिलांचंही असंच. आधी हात, मग चाल, मग जीभ. थेंबाला शिवले नाहीत, पण गावाने शेवटपर्यंत बेवडाच म्हटलं.
परवा मुंबईच्या डॉक्टरीणबाई येणार. हा आजार बापाकडून पोरात कसा उतरतो ते शोधतायत. आजारी, धडधाकट, सगळ्यांचं रक्त हवंय. या दुष्काळात आमच्या घरात पातळ असं तेवढंच उरलंय.

१२ एप्रिल
बाई येऊन गेल्या. मी नांदेडला होतो, साप्ताहिकाच्या कामाला. काम नव्हतं.

२ मे
बाई परत दारात. आईचा रक्तगट एबी, दादाचा ओ. म्हणे एबी आईचं मूल ओ होऊच शकत नाही. आई ऐंशीच्या घरात, पोटचं पोरच तिचं नाही असा आता आळ!
शेवटी वहिनी बोलली. "त्या दिशी ह्यांच्या जागी माझ्या भावाला बसवलं. आडतीवर नमुना निवडूनच दाखवतेत न्हाई का, भाऊजी? किडका दाणा गिऱ्हाइकापुढं कोन ठेवतं?"
बाईंनी कपाळाला हात लावला. "वहिनी, मला किडकाच हवा होता हो."
दादा खदखदून हसला. हसता हसता ठसका. पाणी पाजलं, तेही नाकातून.
मग त्यानेच बाही वर केली. "घ्या. लई हाय."
दारात सुमा. माझी लेक, लग्न ठरत आलेलं. "बाबा, तुमचंबी द्या. मला कळाया पायजे."
बाई तिला म्हणाल्या, "पोरी, यातून तुला आज काही कळणार नाही. दोष नेमका कुठे आहे ते सापडायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही."
"आणि औषध?" मी.
बाईंनी आणखी एक सुई उकळायला ठेवली.

३ मे
काल मीही रक्त दिलं. दादात उतरलं म्हणून मी सुटलो, असं गणित नाही. हेही विचारून घेतलं.
नंतर दादाला सांगितलं तेच बाईंनी मलाही सांगितलं, डोळे मिटा, बोट नाकाला लावा. लावलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी विचारलं नाही.
त्यांच्या चहापाण्याला वहिनीने शेजारच्या काशीबाईंची भरली घागर मागून आणली होती. आज टँकर आला. सुमा म्हणाली, मी नेते. नको म्हटलं. भरून मीच नेली, त्यांच्या रांजणात ओतली. काशीबाई आत होत्या, हाक मारली नाही.
येताना वाटेकडे बघितलं नाही, घागर हिंदकळून किती ओली झाली ते.