पिकअपचं वायरिंग

४ फेब्रुवारी

गाडी सुरू झाली नाही. बॉनेट उघडून पाहिलं – उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत. मुलगा दवाखान्यात गेला तेव्हापासून गाडी दारात तशीच उभी. तो परत आलाच नाही, मग तिच्याकडे बघणार कोण? मागच्या दिव्यांचे कपलरही गेले – वायरींची टोकं ज्यात बसतात ते प्लॅस्टिकचे जोड. प्लॅस्टिकसुद्धा सोडलं नाही मेल्यांनी!

सूनबाईला तिच्या भावाचा रोज फोन येतो. "तिकडे काय ठेवलंय आता? इकडे ये." तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला गाडी चालवता येते. गाडी चालू झाली तर मुलाची भाडी ती करील. मग ती इथेच राहील, चिमणीही राहील. नातीशिवाय हे घर – नको तो विचार.

६ फेब्रुवारी

बॉनेटखालच्या वायरी नव्या मिळाल्या. कपलरसाठी मात्र सुट्या भागांची सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "काका, हिचे कपलर आता कंपनीलाही आठवत नसतील!" गाडी कोणाची, म्हणून विचारलं. मुलाची, म्हटलं.

"मग त्यालाच पाठवा ना. नेमकं काय हवं ते त्याला कळेल."

पाठवतो म्हणालो.

७ फेब्रुवारी

ही म्हणते, वायरी पिळा आणि टेप गुंडाळा. नको. त्याला ते कधी चाललं नाही. "टेप लावलेली गाडी आणि तोंड रंगवलेलं म्हातारं, दोन्ही उन्हात उघडी पडतात," म्हणायचा. मी तेव्हा रागावलो होतो, आज हसू आलं. मग बाहेर जाऊन बसलो.

१० फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे हेच मॉडेल सापडलं! पुढून चेपलेलं, मागून धड. कपलर अगदी बुडाशी, नीट कापून आणले. घरी टेबलावर मांडल्यावर कळलं – जोडायला वायरच शिल्लक नाही. आतली पितळी टर्मिनलं सुटी कुठे मिळत नाहीत. सगळं फुकट.

परत गेलो. भंगारवाला पोट धरून हसला. "अहो काका, वीतभर शेपूट ठेवायचं असतं! शेपटीशिवाय उंदीर धरता का कधी?" मागच्या बाजूला तशीच आणखी एक गाडी पडली होती. ह्या वेळी त्याने स्वतः कापून दिले.

१३ फेब्रुवारी

जुने कपलर सोडवताना खुणा केल्या नव्हत्या. सगळ्या वायरी एकजात मातकट झालेल्या. कुठली कुठे जाते, काही कळेना. तसाच जमिनीवर बसून राहिलो.

सूनबाई ओले हात पुसत आली. "सरका बाबा. ते काम करायचे तेव्हा टॉर्च मीच धरायचे." एकेक वायर हातात घेऊन सांगत गेली. "ही ब्रेकची. ही इंडिकेटरची. आणि ही अर्थिंग – हिला ते 'आई' म्हणायचे. ही रुसली की एकही दिवा लागत नाही!"

दोघंही हसलो. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. ही दारात उभी होती, ऐकलं असणार. मग आत गेली.

१५ फेब्रुवारी

बॉनेटखालच्या नव्या वायरीही जोडल्या. झाली सुरू! पहिल्याच किल्लीला! चिमणी टाळ्या पिटत गाडीभोवती धावली. ही बाहेर आली नाही.

सूनबाई स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "बाबा, लांबच्या पल्ल्याला दगा नाही ना देणार?"

"खुशाल कुठेही ने," म्हणालो. आज जेवण गेलं.

१७ फेब्रुवारी

सूनबाई सकाळी माहेरी गेली. राहायला. चिमणी पुढे तिच्या शेजारी, मागे कपाट आणि शिलाई मशीन. दोर मीच आवळून दिला.

वळणावर तिने ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे लागले. मग गाडी वळली.