ह्यांच्या नावाची नोटीस

३ जून
चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

काल कर कार्यालयाची नोटीस आली. माझ्या नाही, ह्यांच्या नावाने! तेरा तारखेला अकरा वाजता, खोली चार, स्वतः हजर राहावे. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने! पण चूक माझीच. ठेव अजून ह्यांच्या नावावर, व्याज येतं, मग कर नको भरायला? म्हणून दरवर्षी माझ्याबरोबर ह्यांचंही रिटर्न भरते आणि खाली ह्यांची सही करते. शाळेतल्या सिस्टरांनी प्रामाणिकपणा शिकवला, वारसाचे अर्ज नाही शिकवले. आता बेल वाजली की पोलीसच आले असं वाटतं. मुलाला सांगू नकोस.

नोटीस आली म्हणून लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई

७ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. करसल्लागार गाठ म्हणून किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय! स्वतःचे दात स्वतः घासतो तसं रिटर्नही स्वतः भरावं, हे तुझं ठरलेलं उत्तर. आमच्या सल्लागारबाईंना तुझं नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, मेलेल्या माणसाची सही करणं गंभीर आहे, एकटीने अजिबात जाऊ नये. फी मी देते. एकदाच माझं ऐक. भाऊजी असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

रागाव, पण माया ठेव.
बेबी

१४ जून
चि. बेबीस आशीर्वाद.

एकटीच गेले. हिशेब माझे, मग बोलायला भाड्याचं तोंड कशाला, असं वाटलं. साहेब माझ्या मुलाहून लहान. हे जाऊन चार वर्षं झाली म्हटल्यावर त्याने ह्यांची वीस वर्षांची रिटर्नं टेबलावर मांडली आणि यांतल्या खऱ्या सह्या कुठल्या, असं विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं, एकही नाही. ह्यांना कागदांचा कंटाळा. तूच भर, तूच कर, म्हणायचे. साहेबाने पेन खाली ठेवलं. आपल्याला वाटलं होतं चारच वर्षांचं प्रकरण आहे, असं म्हणाला. आता वरिष्ठांना कळवणार. फौजदारी हा शब्द दोनदा उच्चारला. ह्या वयात तुरुंगात टाकतात का गं? तुझ्या बाईंना माझं नाव सांग.

ताई

२२ जून
चि. बेबीस आशीर्वाद.

तुझ्या बाईंनी इथली त्यांची ओळखीची मुलगी पाठवली. करसल्लागार म्हणे, मला तर शाळेचं दप्तर विसरून आल्यासारखी वाटली. पण तिने मला दोन तास झापलं. वीस वर्षांचं सगळं सांगून टाकायला कोणी सांगितलं होतं, म्हणाली. कर पूर्ण भरलाय आणि कबुलीही दिली आहे, तेव्हा दंडावर भागेल असं तिला वाटतं. खात्री देत नाही. तिने माझ्या वतीने बोलायचं अधिकारपत्र पुढे केलं. मी सही केली. तिने सहीवर बोट ठेवलं. कागदावर ह्यांची सही होती. तिने तो फाडला, दुसरा ठेवला आणि आजी, सावकाश, असं म्हणाली. बेबी, पेन हातात धरून मी बसून राहिले. भीतीने मला माझी स्वतःची सही आठवेना.

तू येऊन जा. लोभ पत्रातून नको, प्रत्यक्ष दे.
ताई