दाराला टेकवलेला झाडू

२० ऑक्टोबर, रविवार

गॅरेजच्या दाराचं खालचं रबर बदललं. जुनं कडक होऊन चिरलं होतं, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलंही होतं. घराच्या दाराला चारी बाजूंनी नवी पट्टी चिकटवली, कुलपात तेल सोडलं. शेजारचे वेइक्कोकाका खिशात हात घालून चुका काढत उभे होते. "रबराला ग्लिसरीन चोळ, काइसू! नाहीतर जमिनीला चिकटेल, आणि दार उचलायला गेलीस की फाटेल. मास्तरीण ना तू? पोरांना शिकवतेस तरी काय?"

शेवटी धीर करून विचारलं – मी शाळेत असताना रोज बारा वाजता आईकडे डोकावाल का? आई एक्क्याऐंशीची. शेगडी पेटती ठेवून विसरते. दुपारी कोणी येणारं नसेल, तर हिवाळाभर तिला वृद्धाश्रमात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. अर्ज भरून ठेवला आहे.

"येईन की. तळ्याच्या काठाने दहा मिनिटं. पण दाराला झाडू टेकवलेला दिसला, तर मी आत यायचा नाही हां. घरात कोणी नाही म्हणजे नाही!"

अर्थात. इथे दिवसा दाराला कुलूप कोण लावतं? बाहेरून टेकवलेला झाडू पुरतो. तो ओलांडून कोणी आत जात नाही.

२७ ऑक्टोबर

पट्टी फारच घट्ट बसली. आईला दोन्ही हातांनी दार ओढावं लागतं. थंडीसाठीच लावली ना मी? फक्त थंडीसाठी?

५ नोव्हेंबर

पहिला टिकणारा बर्फ. चारला परतले तेव्हा अंधार झालेला. दाराला झाडू! आई आतच होती, दिवे घालवून, स्वयंपाकघरात.

टॉर्च घेऊन बाहेर गेले. पावलं तळ्याकडून आलेली. आपल्या दारापर्यंत. मग गॅरेजच्या दारापर्यंत. तिथे थोडं थांबून परत तळ्याकडे. बिचारे काका! कबूल केल्याप्रमाणे आले, झाडू पाहिला, फिरले.

आईवर रागावले. "तू घरात असताना झाडू कशाला?"

"तुझे बाबा येतात ना."

बाबा अकरा वर्षांपूर्वी याच महिन्यात कोवळ्या बर्फावर गेले आणि तळ्यात बुडाले. सापडले ते मे महिन्यात. हे मी तिला पुन्हा सांगितलं – सावकाश, वर्गात सांगते तसं. तिने ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे गं. त्यांना सांग की."

७ नोव्हेंबर

सकाळी गॅरेजचं दार हलेना. रबर जमिनीला गोठून चिकटलेलं. ग्लिसरीन चोळायचं राहूनच गेलं होतं, माझीच चूक. गरम पाण्याने सोडवलं. शाळेत उशीर.

पण गोठायला पाणी आलं कुठून? पारा आठवडाभर उणे दहाच्या वर आलेला नाही. बर्फाचा थर दारापुढे फक्त एका जागी होता. माणूस उभा राहील एवढ्याच.

८ नोव्हेंबर

परत झाडू. परत पावलं आली, गेली. काकांना फोन केला, उचलला नाही. ते तो खणात ठेवतात आणि विसरतात.

१० नोव्हेंबर

झाडू चुलीत घातला. आईला विचारलं नाही. ती खुर्चीत बसून बघत होती.

हे बरोबर केलं का? तिची भीती खोटी असेल, पण तिची होती ना! तिने बंद केलेलं दार मी तिच्या डोळ्यांदेखत उघडलं. पण मग करू काय? काका असे दारातून परत जात राहिले, तर अर्ज द्यावाच लागेल. तिला तिच्या घरात ठेवायचं म्हणूनच केलं. असं लिहिते आहे खरी.

११ नोव्हेंबर

पावलं दारातून आत गेली! किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

"आले होते ना?" मी आत शिरताच विचारलं.

"आले. बसले. कॉफी ठेवली पुढे, प्यायले नाहीत."

"बोलले काही?"

"कधी बोलत होते?"

मला हसूच आलं. बायकांसमोर काकांची बोबडी वळते, ओरडतात ते फक्त माझ्यावर. खुर्चीखाली पाणी साचलं होतं. बूट झाडून यायची सवयच नाही या माणसाला! पुसून घेतलं.

१३ नोव्हेंबर

रोज येताहेत. रोज खुर्चीखाली पाणी. आई शांत आहे, नीट जेवते. आज तिने दिवेही लावून ठेवले होते.

वृद्धाश्रमाचा अर्ज फाडला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी, मी घरीच. आत्ता फोन आला – वेइक्कोकाका! कायानीच्या रुग्णालयातून. दोन तारखेला अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिथेच आहेत. "कळवायचं राहिलं बघ, पोरी. त्यानंतर एक दिवससुद्धा येता आलं नाही. आईकडे कोणी जातंय ना?"

बाराला दहा कमी. आई केस विंचरून दाराकडे तोंड करून बसली आहे.